मध्य आशियांतील परागंदा कोरियन

एखाद्या समाजाचा देश सुटला म्हणजे त्याच्यापाशीं उरतें तरी काय? जमीन जाते, घर जातें, पूर्वजांचीं थडगीं मागें राहतात. बरोबर येते ती भाषा, हाताला असलेलें कसब, जिभेला लागलेली चव आणि जन्ममृत्यूच्या प्रसंगीं करावयाचे आचार. यांपैकीं काय टिकतें, काय झिजतें आणि कोणती गोष्ट कशाच्या आधारानें टिकते, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाला नेहमींच विचार करावयास लावणारा आहे. त्याचें उत्तर शोधूं गेल्यास मध्य आशियांतील कोरियन समाजाच्या कथेइतकें बोलकें उदाहरण क्वचितच सांपडेल.

कोरिया हा चीन, रशिया आणि जपान या बलाढ्य शेजाऱ्यांमध्यें अडकित्त्यांतील सुपारीसारखा सांपडलेला देश. देवमाशांच्या झुंजींत कोळंबीची पाठ मोडते, अशी त्या देशांत म्हण आहे. ती अनुभवांतूनच आलेली आहे. १९०५ सालीं जपाननें या देशावर आपलें संरक्षण लादलें आणि १९१० च्या ऑगस्टमध्यें तो आपल्या साम्राज्यांत सामील करून टाकला. पण देशत्यागाला त्यापूर्वींच आरंभ झाला होता. १९०३ च्या जानेवारींत कोरियन मजुरांची पहिली तुकडी हवाई बेटांतील उंसाच्या मळ्यांसाठीं उतरली. १९०५ सालीं सुमारें एक हजार लोक मेक्सिकोच्या युकातान प्रांतांत घायपाताच्या मळ्यांवर गेले. पुढें मांचुरियांत आणि जपानांत लक्षावधि लोक गेले. कांहीं पोटासाठीं, कांहीं स्वातंत्र्याच्या चळवळीसाठीं, तर कांहीं सक्तीनें नेलेले. आज कोरियाबाहेर राहणाऱ्या कोरियन वंशाच्या लोकांची संख्या सुमारें सत्तर लक्ष भरते. या विस्तीर्ण वृक्षाच्या जुन्या शाखांपैकीं एक शाखा रशियाच्या वाटेनें गेली, आणि अखेरीस समुद्रापासून हजारों मैल दूर असलेल्या मध्य आशियाच्या गवताळ माळांवर जाऊन पडली. हे लोक स्वतःला ‘कोर्यो-साराम’ म्हणवितात. ‘साराम’ म्हणजे माणूस, आणि ‘कोर्यो’ हें इ. स. ९१८ पासून १३९२ पर्यंत नांदलेल्या प्राचीन कोरियन राज्याचें नांव.

१८६० च्या पेकिंगच्या तहानें उसुरी नदीपलीकडील मुलूख चीनकडून रशियाकडे गेला आणि कोरियाच्या ईशान्य टोंकाला, तुमेन नदीच्या मुखापाशीं, रशियाची हद्द येऊन भिडली. नदीच्या अलीकडे हामग्यांग प्रांताची डोंगराळ जमीन, वारंवार पडणारे दुष्काळ आणि अधिकाऱ्यांची लूट. पलीकडे मैलोगणती पडीक जमीन. परवानगीवांचून सीमा ओलांडणाऱ्यास कोरियाच्या राजशासनांत देहान्ताची शिक्षा होती. तरीहि १८६३ च्या सुमारास पोस्येत भागांत तेरा कुटुंबांनीं पहिली वस्ती केली, आणि १८६९ च्या भीषण दुष्काळांत तर हजारों माणसें नदी ओलांडून गेलीं. रशियन सरकारलाहि त्या निर्मनुष्य प्रांतांत राबणारे हात हवेच होते. १८९७ च्या शिरगणतींत या कोरियनांची संख्या सव्वीस हजारांच्या घरांत होती. १९२३ पर्यंत ती एक लक्षावर गेली.

देश जपानच्या हातीं गेल्यावर या वस्तीला निराळेंच महत्त्व आलें. व्लादिवोस्तोक शहरांत ‘शिन्हानछोन’, म्हणजे नवें कोरियन गांव, या नांवाची पेठ वसली होती. मायदेशांत ज्यांना तोंड उघडणें अशक्य झालें होतें, असे संपादक, शिक्षक आणि क्रांतिकारक तेथें एकत्र आले. १९२० च्या एप्रिलमध्यें जपानी सैन्यानें या पेठेवर छापा घालून कित्येकांना ठार मारिलें. तरी काम थांबलें नाहीं. १ मार्च १९२३ रोजीं, म्हणजे १९१९ च्या कोरियन स्वातंत्र्य-आंदोलनाच्या चौथ्या स्मरणदिनीं, तेथें एक कोरियन वृत्तपत्र निघालें. तें पुढें ‘सोन्बोंग’ या नांवानें प्रसिद्धीस आलें. १९३१ सालीं कोरियन शिक्षकांसाठीं अध्यापन-महाविद्यालय उघडलें, १९३२ सालीं कोरियन रंगभूमीची स्थापना झाली, आणि खेडोपाडींच्या शाळांतून मुलें आपल्या मातृभाषेंत धडे गिरवूं लागलीं. पत्र, नाटक आणि शाळा या तीन खांबांवर त्या समाजाचें सांस्कृतिक जीवन उभें राहिलें.

हें सारें एका कागदानें उलथून पाडलें. २१ ऑगस्ट १९३७ रोजीं स्टालिन आणि मोलोटोव्ह यांच्या सहीनें एक गुप्त हुकूम सुटला. सीमाप्रांतांत जपानी हेरगिरीचा शिरकाव होऊं नये म्हणून तेथील यच्चयावत् कोरियन लोक दक्षिण कझाकस्तान, आरल समुद्र व बाल्खश सरोवर यांच्या आसपासचा प्रदेश आणि उझबेकिस्तान येथें हलवावे, असें त्यांत फर्माविलें होतें. ज्यांपैकीं अनेकांनीं जपानच्या जाचामुळेंच देश सोडला होता, त्यांनाच जपानचे हस्तक ठरविण्यांत आलें! या हुकमाच्या आगेंमागें समाजांतील पुढारी, लेखक, शिक्षक आणि लष्करी अधिकारी यांची धरपकड झाली व त्यांतील पुष्कळांना गोळ्या घालण्यांत आल्या. राहिलेल्या समाजाला बोलका पुढारीच उरला नाहीं.

ते दिवस सुगीचे होते. उभीं पिकें शेतांत टाकून माणसांना मालगाड्यांच्या डब्यांत बसविण्यांत आलें. मागें राहिलेल्या मालमत्तेची भरपाई देण्याचें वचन हुकमांत होतें; बहुतेकांच्या हातीं ती पुरती कधींच पडली नाहीं. सुमारें सहा हजार किलोमीटरांचा प्रवास, महिनाभराचा काळ आणि तोंडावर आलेला हिंवाळा! वाटेंत दगावलेलीं तान्हीं मुलें आणि वृद्ध माणसें रुळांच्या कडेलाच सोडून गाड्या पुढें जात. २५ ऑक्टोबर रोजीं काम पुरें झालें, आणि त्याचा अहवाल मॉस्कोंत सादर झाला. १२४ आगगाड्या, ३६,४४२ कुटुंबें, १,७१,७८१ माणसें. पैकीं ९५,२५६ कझाकस्तानांत आणि ७६,५२५ उझबेकिस्तानांत. एका संपूर्ण समाजाचें स्थलांतर, गोदामांतील पोत्यांची मोजदाद व्हावी तशा चोख आंकड्यांत नोंदविलें गेलें.

कझाकस्तानांत बाल्खश सरोवराच्या दक्षिणेस उश्तोबे नांवाचें स्टेशन आहे. तेथें पहिल्या गाड्या रिकाम्या झाल्या तेव्हां राहावयास घरें नव्हतीं. जवळच बास्तोबे नांवाची एक टेंकडी आहे. तिच्या उतारावर लोकांनीं जमीन खणून बिळांसारखीं भुयारी घरें केलीं आणि वर वेतांचें व गवताचें छप्पर घातलें. आज तेथें एक स्मारकशिला उभी आहे. ९ ऑक्टोबर १९३७ पासून १० एप्रिल १९३८ पर्यंत कोरियन लोकांनीं येथें भुयारांत दिवस काढले, एवढीच नोंद तिच्यावर आहे. टेंकडीच्या पायथ्याशीं कबरस्तान आहे. पहिल्या एकदोन हिंवाळ्यांत थंडीनें, उपासमारीनें आणि रोगराईनें लहान मुलें व म्हातारीं माणसें फार दगावलीं.

या संकटांत त्यांना हात दिला तो आसपासच्या कझाक लोकांनीं. ही गोष्ट विशेष ध्यानांत ठेवण्याजोगी आहे; कारण १९३० ते १९३३ या काळांत, जनावरें व शेतें सरकारजमा करण्याच्या धोरणापायीं, स्वतः कझाक समाजावर असा दुष्काळ कोसळला होता कीं त्यांत दहा लाखांहून अधिक माणसें मेलीं. ज्यांच्या घरांतील चुली चारपांच वर्षांपूर्वींच थंडावल्या होत्या, त्यांनीं परक्या भाषेंत बोलणाऱ्या या अनोळखी माणसांपुढें आपली अर्धी भाकरी ठेवली. कोर्यो-साराम घराण्यांतून ही हकीकत आजीच्या तोंडून नातवंडांना अद्याप सांगितली जाते.

वसंत ऋतु आला आणि हाताचें कसब कामास आलें. क्झिल-ओर्दाच्या परिसरांत सिर-दर्या नदीच्या कांठीं, उश्तोबेजवळ कारातालच्या खोऱ्यांत आणि ताश्कंदलगत चिर्चिकच्या लव्हाळ्यांनीं भरलेल्या दलदलींत कोरियन शेतकऱ्यांनीं पाट काढले, बांध घातले आणि भात लावलें. भात मध्य आशियाला अगदींच अपरिचित होतें असें नाहीं. पण या लोकांनीं त्याची लागवड ज्या प्रमाणावर आणि ज्या कौशल्यानें केली, त्यायोगें तो मुलूखच पालटला. किम मान-साम यांच्या हाताखालीं भातशेती शिकलेले कझाक शेतकरी इब्राय झाखायेव पुढें त्या विद्येंत देशभर नांवाजले. ताश्कंदनजीकच्या ‘ध्रुवतारा’ नांवाच्या सामुदायिक शेतीचे प्रमुख किम प्येन-ह्वा हे १९४० पासून १९७४ पर्यंत त्या पदावर होते, आणि त्यांना ‘समाजवादी श्रमवीर’ ही सोव्हिएट राज्याची थोर पदवी दोन वेळां मिळाली. परंतु ज्या काळांत हे मानसन्मान मिळत होते, त्याच काळांत या समाजावर अविश्वासाचा शिक्का कायम होता. महायुद्धांत तरुण कोरियनांना सहसा आघाडीवर न पाठवितां खाणींत व कारखान्यांत सक्तीच्या श्रमासाठीं धाडण्यांत आलें. आणि १९५३ सालीं स्टालिन मरण पावेपर्यंत मध्य आशियाबाहेर जाऊन राहण्याची मोकळीक त्यांना नव्हती.

या विसंगतीचें मूर्तिमंत उदाहरण म्हणजे होंग बोम-दो. १८६८ सालीं जन्मलेले हे सेनानी जपान्यांविरुद्ध लढणाऱ्या कोरियन स्वयंसैनिकांचे नायक. १९२० सालीं मांचुरियांतील फंग्वूतुंगच्या लढाईंत त्यांनीं जपानी तुकडीचा पराभव केला, तेव्हां त्यांचें नांव कोरियांतील घरोघरीं पोहोंचलें. १९३७ सालीं तेहि इतर सर्वांप्रमाणें मालगाडींत बसविले गेले. क्झिल-ओर्दा येथें निर्वासित कोरियन रंगभूमीचा संसार नव्यानें मांडला गेला होता. तेथें हा वृद्ध सेनापति पहारेकऱ्याचें काम करूं लागला. १९४२ सालीं त्याच रंगभूमीवर त्यांच्या पराक्रमाचें नाटक झालें. ज्याचा पराक्रम रंगमंचावर गाजत होता, त्यानेंच त्या रंगगृहाच्या दारावर पहारा केलेला असावा, असा प्रसंग नाटककारालाहि सुचणें कठीण! २५ ऑक्टोबर १९४३ रोजीं त्यांचें तेथेंच देहावसान झालें. त्यानंतर दोनच वर्षांनीं कोरिया जपानच्या तावडींतून मुक्त झाला. त्यांचे अवशेष मायदेशीं पोहोंचावयास मात्र २०२१ चा ऑगस्ट उजाडावा लागला. दक्षिण कोरियांतील देजोन येथील राष्ट्रीय स्मशानभूमींत ते विराजमान आहेत.

आतां आरंभींच्या प्रश्नाकडे वळूं. या समाजानें काय टिकविलें? पहिली गोष्ट म्हणजे ताटांतील चव. कोरियन माणसाचें जेवण ‘किमची’वांचून, म्हणजे कोबीच्या तिखट आंबवणीवांचून, पुरें होत नाहीं. मध्य आशियांत तो लांबट कोबी सहज मिळेना. तेव्हां बायकांनीं तेथें मुबलक असलेलीं गाजरें बारीक चिरलीं, त्यांना मीठ, शिर्का, लसूण आणि लाल मिरची लावली, वरून कडकडीत तेल ओतलें आणि नवीनच तोंडीलावणें निर्माण केलें. त्याचें नांव ‘मोर्कोव्चा’. त्यांतील पहिला अंश गाजराचें रशियन नांव, दुसरा कोरियन. खुद्द कोरियांत हा पदार्थ परंपरेनें ठाऊक नव्हता; उलट जुन्या सोव्हिएट मुलखांतील बाजारांत तो सर्वत्र ‘कोरियन गाजर’ म्हणूनच विकला जातो.

दुसरी गोष्ट म्हणजे संस्कार. माणसाला आयुष्यांत तीन ताटें मिळालीं पाहिजेत, असें हे लोक मानतात: पहिल्या वाढदिवसाचें, विवाहाचें आणि साठाव्या वर्षाचें. पहिल्या वाढदिवशीं मुलापुढें तांदूळ, दोरा, पुस्तक, लेखणी, कात्री अशा वस्तु मांडतात आणि तें कशास हात लावतें यावरून त्याचें भवितव्य ताडतात. आपल्याकडील अन्नप्राशनाच्या वेळची जीविकापरीक्षा ज्यांना माहीत आहे, त्यांना यांत नवल वाटणार नाहीं. आणि साठीचा सोहळा म्हणजे तर आपली षष्ठ्यब्दिपूर्तीच. भुयारांतल्या पहिल्या हिंवाळ्यांत या ताटांत काय वाढलें असेल तें असो. पण ताट मांडण्याची चाल मोडली नाहीं.

तिसरी गोष्ट आडनांवें. किम, पाक, त्सोय हीं तर राहिलींच. शिवाय रशियन कारकुनांच्या नोंदींत मूळच्या एकस्वरी आडनांवांना कोरियन प्रत्यय चिकटून युगाय, खेगाय, नोगाय अशीं रूपें बनलीं, तीं जगांत अन्यत्र कोठें आढळत नाहींत. पुढें रशियन स्वतःचें नांव, मग रशियन पद्धतीनें बापाचें नांव आणि शेवटीं कोरियन आडनांव, अशी या समाजाची ओळख आहे.

मग टिकली नाहीं ती कोणती गोष्ट? भाषा. १९३८ सालीं सोव्हिएट सरकारच्या हुकमानें कोरियन शाळांचें माध्यम बदलून रशियन करण्यांत आलें. व्लादिवोस्तोकहून क्झिल-ओर्दाला आणलेल्या अध्यापन-महाविद्यालयांतहि कोरियन माध्यम संपलें. म्हणजे शिकविणारे तयार होण्याचा मार्गच बुजला. योगायोग असा कीं त्याच १९३८ सालीं मायदेशांत जपानी राज्यकर्त्यांनीं नवा शिक्षणविषयक हुकूम काढून शाळांतील कोरियन भाषेला ऐच्छिक विषयाच्या कोंपऱ्यांत लोटलें. परस्परांचीं वैरी असलेलीं दोन साम्राज्यें एका भाषेच्या बाबतींत एकाच वर्षीं एकाच निर्णयाला आलीं! फरक एवढाच कीं मायदेशांतील ती बंदी १९४५ सालीं उठली. मध्य आशियांत मोडलेली शाळा पुन्हां उभी राहिली नाहीं.

परिणाम दिसावयास फार वेळ लागला नाहीं. पहिली पिढी हामग्यांगची जुनी बोली बोलत असे. दुसरी ती समजे, पण उत्तर रशियनमध्यें देई. तिसरीला केवळ खाद्यपदार्थांचीं आणि नात्यांचीं नांवें ठाऊक राहिलीं. ‘सोन्बोंग’ची परंपरा १९३८ सालीं ‘लेनिन किची’ या नांवानें क्झिल-ओर्दा येथें पुढें चालली, आणि १९९१ पासून तें पत्र ‘कोर्यो इल्बो’ या नांवानें अल्माटींत निघूं लागलें; पण वाचणारे घटत गेले, आणि अखेर पत्राला कोरियन पानांबरोबर रशियन पानें छापावीं लागलीं. रंगभूमीहि जगली. ती १९६८ सालीं अल्माटीला गेली. मात्र पात्रें बोलतात तें प्रेक्षकांना कळावें म्हणून भाषांतराची सोय करणें तिला भाग पडलें. कझाकस्तानांत जन्मलेले नामवंत कादंबरीकार अनातोली किम यांनीं आपलें लेखन रशियन भाषेंतच केलें. यांत त्यांचा दोष नाहीं. ज्या भाषेंत अक्षरओळख झाली, तिच्यांतच प्रतिभा फुलणार. १९८९ च्या शिरगणतींत सोव्हिएट संघांतील ४,३८,६५० कोरियनांपैकीं निम्म्याहून किंचित् कमी लोकांनींच कोरियन ही आपली मातृभाषा म्हणून सांगितली; तीहि पुष्कळांच्या बाबतींत अभिमानाची नोंद होती, वापराची नव्हे.

हें अटळच होतें काय? तुलनेसाठीं चीनकडे पाहावें. तुमेन नदीच्याच पलीकडे, मांचुरियांत, त्याच हामग्यांग प्रांतांतून गेलेले लोक होते. १९४९ सालीं तेथें यानब्यान विद्यापीठ निघालें आणि १९५२ सालीं त्या प्रदेशाला स्वायत्त दर्जा मिळाला. प्राथमिक शाळेपासून वरपर्यंत कोरियन माध्यम राहिल्यामुळें तेथील कोरियनांच्या नातवंडांपतवंडांनाहि आपली भाषा लिहितांवाचतां येत राहिली. सांस्कृतिक क्रांतीच्या दिवसांत त्यांनाहि पुष्कळ सोसावें लागलें, आणि अलीकडे चिनी पाठ्यपुस्तकांचा आग्रह तेथेंहि वाढला आहे; तरी दोन पिढ्यांची जी दौलत शाळेनें सांभाळली तिचें मोल यावरून कळून येतें. माणसें त्याच मातीचीं, बोली तीच. भेद पडला तो शाळेमुळें.

१९९१ सालीं सोव्हिएट संघ मोडला. १ एप्रिल १९९३ रोजीं रशियाच्या सर्वोच्च सभेनें १९३७ चें स्थलांतर बेकायदेशीर ठरवून या समाजाचा कलंक धुऊन काढला. पण नव्या राष्ट्रांत उझबेक आणि कझाक या राजभाषा झाल्या. रशियन बोलणाऱ्या कोरियनांपुढें पुन्हां एकवार परकेपण उभें राहिलें. कांहीं रशियांत गेले, तर कांहीं पूर्वजांच्या भूमीकडे वळले. तेथील १९९९ च्या कायद्यानें परदेशस्थ कोरियनांना सवलती दिल्या. पण १९४८ सालीं प्रजासत्ताक स्थापन होण्यापूर्वीं देश सोडलेल्यांचे वंशज त्यांतून वगळले गेले. २००१ सालीं तेथील घटनाविषयक न्यायालयानें हा भेद अयोग्य ठरविला, २००४ सालीं कायदा सुधारला गेला, आणि २०१९ सालीं चौथ्या पिढीलाहि त्यांत स्थान मिळालें. आज आन्सान आणि ग्वांग्जू या शहरांत कोर्यो-साराम लोकांच्या मोठ्या वस्त्या आहेत. दुकानांवर रशियन पाट्या आहेत, आंत मोर्कोव्चा आणि तंदूरची रोटी मिळते. आणि चेहऱ्यानें कोरियन असलेलीं मुलें कोरियाच्या शाळेंत कोरियन भाषा परकी म्हणून पहिल्या धड्यापासून शिकतात.

या कथेचें तात्पर्य ध्यानांत घेण्याजोगें आहे. स्वयंपाकघर आणि देवघर यांच्या आश्रयानें जें जगतें, त्यास राजाज्ञा सहसा शिवूं शकत नाहीं. तें परिस्थितीप्रमाणें रूप पालटून का होईना, चालत राहतें. भाषेचें तसें नाहीं. ती घरांत उगवते, पण तिला वाढावयास शाळा, पुस्तक आणि वर्तमानपत्र लागतें. हा समाज आळशी नव्हता, विस्मरणशीलहि नव्हता. ज्यानें दलदलींत भात पिकविलें, त्याला आपली भाषा जतन करण्याची इच्छा नव्हती असें कोण म्हणेल? त्याच्या हातून शिक्षक काढून घेण्यांत आला, एवढेंच घडलें. आज ग्वांग्जूच्या शाळेंत एखादी कोर्यो-साराम मुलगी जेव्हां आपल्या पणजीच्या भाषेंतलें पहिलें अक्षर गिरविते, तेव्हां १९३८ सालीं तुटलेला धागा ती पुन्हां हातीं घेत असते. तो पुरता जुळेल कीं नाहीं, हें तिच्या इच्छेइतकेंच तिच्या शिक्षकावरहि अवलंबून आहे.